पेट्या रद्दीत घालण्याआधी : मुंबईतल्या सॉलिसिटर फर्मच्या भागीदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व सॉलिसिटर आणि वकिली फर्मचे भागीदार,
तसेच बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीचे पदाधिकारी

स. न. वि. वि.

जून 1981 मध्ये मी फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये टायपिस्ट म्हणून लागले आणि 2018 साली तिथूनच निवृत्त झाले. शेवटची 16 वर्षं स्ट्राँगरूमची किल्ली माझ्याकडे होती. फर्मचं नाव मी लिहीत नाही. त्या घरानं मला भाकरी दिली, आणि जे तिथं घडलं ते बहुतेक सगळीकडे थोड्याफार फरकानं घडतं, असं इतर फर्ममधल्या माझ्या वयाच्या माणसांकडून ऐकते. म्हणून हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना.

मागणी आधीच सांगते. ऑफिस हलवताना जुन्या दस्तांच्या पेट्या, डीड रजिस्टरं (कुठल्या पेटीत कुठला दस्त, त्याच्या नोंदवह्या) आणि मसुद्यांच्या फायली रद्दीत घालू नका. आधी यादी करा. ज्याचे कागद त्याला कळवा. कुणीच सापडलं नाही तर ते कुठं ठेवायचे, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. हे तातडीनं लिहायचं कारण उघड आहे. हायकोर्ट वांद्र्याला जाणार. पूर्वेकडच्या शासकीय वसाहतीच्या जागेवर सप्टेंबर 2024 मध्ये भूमिपूजन झालं. कोर्ट हललं की त्याच्या मागोमाग फोर्टातल्या उरल्यासुरल्या फर्मही हलतील, आणि प्रत्येक बिऱ्हाड हलताना कोपऱ्यातल्या पेट्यांचा प्रश्न निघेलच.

हल्ली तुमच्या बहुतेक सगळ्यांच्या वेबसाइटवर 'आमचा इतिहास' असं एक पान असतं. ते मी आवडीनं वाचते. इतिहास आहेच तसा मोठा. क्रॉफर्ड बेली 1830 ची, म्हणजे हायकोर्टाहून 32 वर्षांनी थोरली. लिटल अँड कंपनी 1856 ची. हायकोर्ट सुरू झालं 14 ऑगस्ट 1862 ला. वाडिया गांधी 1883 ची, मुल्ला अँड मुल्ला 1895 ची. 1917 साली सुरू झालेल्या अमरचंद मंगलदासच्या 2015 मध्ये दोन फर्म झाल्या. ही नावं मुंबईच्या कापडगिरण्या, बँका, बंदर आणि चाळी यांच्याइतकीच शहराची आहेत.

ही मंडळी फोर्टातच का एकवटली, हे आजच्या नव्या मुलांना सांगावं लागतं. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथं दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथं, पक्षकारानं सरळ बॅरिस्टरकडे जायचं नाही, अशी रीत होती. आधी सॉलिसिटर. तो कागद बघणार, मसुदा करणार, ब्रीफ, म्हणजे खटल्याच्या कागदांचा गठ्ठा, बांधणार आणि मग बॅरिस्टरला देणार. 1 जानेवारी 1977 पासून कायद्यानं ही दुहेरी पद्धत संपली, पण मी लागले तेव्हाही लाल फितीत बांधलेली ब्रीफं बगलेत घेऊन कारकून कोर्टाकडे पळत होते. सॉलिसिटरच्या परीक्षा लॉ सोसायटी आजही घेते.

या रीतीची एक काळी बाजू आहे आणि ती इतिहासाच्या पानावर कुणी लिहीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली मुंबईत बॅरिस्टरी सुरू केली, तेव्हा अस्पृश्यतेपायी सॉलिसिटर त्यांच्याकडे ब्रीफ घेऊन जात नव्हते. एवढ्या विद्वान माणसाला मुफस्सलच्या, म्हणजे मुंबईबाहेरच्या कोर्टांतल्या, कामावर भागवावं लागलं. कुणाला ब्रीफ गेलं आणि कुणाला गेलं नाही, हे फर्मच्या जुन्या रजिस्टरांत तारीखवार उतरलेलं असणार. ती रजिस्टरंच गेली तर ही गोष्ट फक्त चरित्रातून कळणार, तुमच्या स्वतःच्या दप्तरातून नाही.

आमची फर्म वरच्या मोठ्या नावांच्या तुलनेत लहान. दोन भागीदारांनी हॉर्नबी रोडवर एका खोलीत सुरू केलेली, हे मी ऐकलेलं. तो आताचा दादाभाई नौरोजी रोड. 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि मालक-भाडेकरूंच्या दाव्यांनी फर्मचं पोट भरलं, असं जुने कारकून सांगत. मग ओनरशिप फ्लॅटचं युग आलं. 1963 च्या मोफा, म्हणजे ओनरशिप फ्लॅटच्या कायद्यानंतर बिल्डरांचे करारनामे, सोसायट्या, कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त). मी लागल्यावर सहा-सात महिन्यांतच, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप झाला, आणि पुढची कित्येक वर्षं गिरणी, बँक आणि देणी यांचेच कागद टाइप केले. माझे सासरे परळच्या गिरणीत होते. दिवसभर गिरणी-मालकाच्या बाजूचं टाइप करून रात्री संपातल्या घरात भात लावायचा, हे मी केलेलं आहे. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही, पण मला ते जड जायचं. 1991 नंतर परदेशी कंपन्यांचे करार येऊ लागले. टाइपरायटर गेले. गिरण्यांच्या जागांवर टॉवर उभे राहू लागले, तेव्हा त्याच जमिनींची टायटल तपासायला जुन्या पेट्या पुन्हा उघडल्या गेल्या.

मी लागले तेव्हा आम्ही सगळे मिळून 19 जण होतो. भागीदार तीन : काका, पुतण्या, आणि फर्ममध्येच आर्टिकल्ड क्लार्क, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठी उमेदवारी करणारे, म्हणून आलेले एक सद्गृहस्थ. त्या काळी 1956 च्या कंपनी कायद्यानुसार भागीदारीत 20 हून जास्त माणसं घेताच येत नसत, त्यामुळे फर्म म्हणजे घरच असायचं. 2008 साली एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदा आला. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर साध्या भागीदारीची मर्यादाही 50 वर गेली, आणि वकिलांसारख्या व्यावसायिकांच्या भागीदारीला तर ती लागूच राहिली नाही. फर्म वाढल्या. वाढाव्यातच. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या ऑफिसच्या प्रत्येक मजल्यावर मला ओळखत नसलेली माणसं होती, आणि त्यांत मराठी शाळांतून आलेल्या मुली वकील म्हणून बसलेल्या पाहून मला फार बरं वाटायचं.

वकिलांना जाहिरात करायची बंदी. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी, असं बार कौन्सिलचा नियम सांगतो. म्हणून पिढ्यान् पिढ्या कुठल्याच फर्मनं स्वतःविषयी छापून काही ठेवलं नाही. 2008 साली वेबसाइटवर माहिती द्यायला मोकळीक मिळाली. आता कुठं इतिहास लिहायची वेळ आली, आणि नेमक्या याच वर्षांत तो ज्या कागदांत आहे ते कागद जात आहेत.

त्या पेट्यांत काय असतं, हे मला जवळून माहीत आहे. काळ्या रंगाची पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं पक्षकाराचं नाव आणि नंबर. झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा वास. आत दस्त, जाड हिरवट लेजर कागदावर टाइप केलेले, लांबीत दुमडून पाठीवर मजकूर लिहिलेले. मुंबईच्या जमिनीचा जुना दस्त वाचायला बसलं की शहर उलगडत जातं. एकाच तुकड्याला कलेक्टरचा जुना नंबर, कलेक्टरचा नवा नंबर, लॉटन सर्व्हेचा नंबर, कॅडस्ट्रल सर्व्हेचा नंबर. जमीन कुठल्या जुन्या धारणा-प्रकारातली, फोरास की फजेंदारी की पेन्शन अँड टॅक्स, ते. मग चतुःसीमा : पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस सार्वजनिक गल्ली, उत्तरेस विहीर. आज जिथं गाड्या उभ्या करायला जागा नाही, तिथं नारळीची वाडी होती, हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नाही, या कागदांनी सांगितलं.

टाइप झालेला दस्त सहीला जाण्याआधी 'कंपेअर' करायचा असे. दोघं समोरासमोर बसायचे. एकानं मसुदा मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं टाइप झालेल्या पानावर बोट ठेवून तपासायचं. वाचणारा कॉमासुद्धा बोलून दाखवायचा. 'ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड ऑर ग्राउंड कॉमा टुगेदर विथ', असं संबंध दुपारभर. माझ्यासमोर बसायचे ते आमचे मॅनेजिंग क्लार्क, पेणचे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांचं इंग्रजी सगळं दस्तांतून आलेलं. पण चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटी पडली तर त्यांना नकाशा न बघता कळायचं, कारण ते प्रत्येक जागा स्वतः पायी बघून आलेले असत. माझ्याकडून चूक झाली की ते रागावत नसत. पान काढून माझ्या मशीनवर ठेवत आणि म्हणत, "बाय, कुणाचं तरी घर आहे हे."

1987 साली वरळी कोळीवाड्यातल्या एक आजी सहीला आल्या होत्या. भावांबरोबरची वाटणी होती. इंग्रजी दस्ताखाली तेव्हा ओळ असायची, की मजकूर निशाणी करणाऱ्याला मराठीत वाचून आणि समजावून सांगितला. काही ठिकाणी ती नुसती ओळच असे. आमचे मॅनेजिंग क्लार्क मात्र सांगायचे म्हणजे खरोखर सांगायचे. कलमामागून कलम, अर्धा तास. आजींनी सगळं ऐकलं, अंगठ्याला शाई लावू दिली आणि मग विचारलं, "आनि हिरीचं पानी?" विहीर भावाच्या वाट्याला गेली होती आणि पाण्याचा उल्लेख कुठंच नव्हता. क्लार्क उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी त्याच वेळी हातानं कलम लिहून दिलं, की विहिरीतून पाणी काढायचा आणि तिथपर्यंत जायचा हक्क आजींना आणि त्यांच्या वारसांना राहील. मी ते पान नव्यानं टाइप केलं. आजी तोवर बाकावर बसून होत्या, अंगठा निळा.

हातानं लिहिलेलं ते कलम, आधीचा मसुदा आणि साहेबांची टीप पेटीत होती. माझ्या मते फर्मचा इतिहास म्हणजे हे. कुणी कुठल्या मोठ्या कंपनीचं काम केलं, ते येऊ द्याच. पण इंग्रजीत चालणाऱ्या या धंद्याला मराठी, गुजराती, कोकणी माणसांशी जोडून ठेवलं ते कारकुनांनी, आणि त्यांचं नाव एकाही वेबसाइटवर मला दिसलेलं नाही.

2016 च्या मे महिन्यात आमचं ऑफिस फोर्टातून लोअर परळच्या टॉवरमध्ये गेलं. चार दिवसांत गेलं. चालू फायलींचं स्कॅनिंग आधी झालं होतं. नव्या जागेचं भाडं चौरस फुटाला किती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पेट्या तिथं जाणार नाहीत हे न सांगताच ठरलं. ज्यांच्या बँका होत्या, मोठ्या कंपन्या होत्या, त्यांचे मूळ दस्त परत गेले. बाकीच्यांना पत्रं टाकायची होती. पत्रांचा मसुदा झाला, तो मीच टाइप केला, पण पत्रं गेली नाहीत, कारण पत्ते 30-40 वर्षांपूर्वीचे होते आणि शोधायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. पत्रा वेगळा, कागद वेगळा. त्यानं जिन्यात ताणकाटा लावला आणि दस्तांच्या गठ्ठ्यांचं वजन केलं. डीड रजिस्टरांची पुठ्ठ्याची बांधणी जड होती, ती त्यानं फाडून वेगळी ठेवली.

मी तेव्हा काही बोलले नाही. किल्ली माझ्याकडे होती, बोलायला हवं होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, मुलाचं शिक्षण चालू होतं. त्या दिवशी मी फक्त आकडे लिहून दिले.

2021 साली माहीमच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे डोंबिवलीला आले. 24 बिऱ्हाडांची इमारत, 1964 ची. बिल्डरनं कन्व्हेयन्स करून दिलाच नव्हता, तो त्यांनी डीम्ड कन्व्हेयन्सच्या मार्गानं, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशानं, मिळवला. आता पुनर्विकास. अडचण होती ती मुख्य रस्त्यापासून इमारतीपर्यंत येणाऱ्या दहा फुटी वाटेची. शेजारचा नवा मालक म्हणत होता, वाट माझी. जुन्या करारनाम्याच्या पाठीवर आमच्या फर्मचं नाव होतं, म्हणून ते आधी ऑफिसात गेले. तिथं उत्तर मिळालं की एवढं जुनं रेकॉर्ड उपलब्ध नाही. कुणाकडून तरी माझं नाव कळलं.

पेटी मला आठवत होती. तिच्यात दोन्ही मूळ मालकांच्या सह्यांचा एक नकाशा होता, वाट लाल पेन्सिलीनं रंगवलेली, आणि सोबत एक पत्र, की ही वाट पूर्वीपासून दोन्ही घरांच्या वापरात आहे. सब-रजिस्ट्रारकडून नोंदलेल्या दस्ताची प्रत मिळते, इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदीचा उतारा, मिळतो. ती त्यांनी मिळवलीच होती. पण हा नकाशा आणि हे पत्र कधी नोंदलंच गेलं नव्हतं. ते फक्त आमच्या पेटीत होतं. मी त्या गृहस्थांना चहा दिला आणि खरं ते सांगितलं.

तुम्ही कायदा जाणता, मी फक्त टाइप केलेला आहे. पण 30 वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढं आला, तर त्यावरची सही खरी आहे असं कोर्टाला गृहीत धरता येतं, हे पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम 90 मी शेकडो वेळा टाइप केलं. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 92 आहे. सॉलिसिटरच्या स्ट्राँगरूमइतका योग्य ताबा दुसरा कुठला? सही करणारे गेले, साक्षीदार गेले, तरी कागद बोलू शकतो तो या एका गोष्टीमुळे. तुम्ही पेटी विकता तेव्हा तो ताबाही कायमचा तुटतो. कागद उद्या चोरबाजारात सापडला तरी त्याला ती किंमत राहत नाही.

मला उत्तर मिळेल की पक्षकाराच्या गोष्टी गुप्त ठेवणं आमचं कर्तव्य आहे, जुने कागद बाहेर कसे देणार? बरोबर आहे. संबंध संपला तरी ते कर्तव्य संपत नाही. पण मग तेच कागद जिन्यात वजनावर विकताना ते कुठं गेलं होतं? ज्या पानांवर लोकांची कर्जं, भांडणं, दुसरं लग्न, दत्तक, सगळं लिहिलेलं आहे, ती शेंगदाण्याच्या पुड्यांना जाऊ शकतात. नष्टच करायचं तर पक्षकाराला कळवून, यादी ठेवून, कातरून नष्ट करा.

आणि मूळ दस्त तर तुमचे नाहीतच. फी थकली म्हणूनसुद्धा वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं 2000 साली स्पष्ट सांगितलं आहे. अडवता येत नाहीत, तर विकता कसे येतील?

लॉ सोसायटीला माझी विनंती आहे की ऑफिस हलवणाऱ्या प्रत्येक फर्मनं पाळायची एक साधी रीत ठरवून द्यावी. पेटीवरचं नाव, नंबर, आतल्या दस्तांचं वर्ष आणि जागेचा सर्व्हे नंबर, एवढी यादी. ती यादी सोसायटीकडे ठेवावी. माहीमच्या सेक्रेटरीसारखा माणूस आला तर निदान पेटी कुठल्या घरात आहे ते कळेल. पत्रं परत आली तर वर्तमानपत्रात एक नोटीस, मराठी आणि गुजरातीतही. वारस सापडतात, विशेषतः जमिनीचे. ज्यांचं कुणीच उरलं नाही, ते शंभर वर्षांपूर्वीचे दस्त राज्य पुराभिलेखागाराला देता येतील का, त्यासाठी काय अटी लागतील, याची बोलणी सोसायटीनं सगळ्यांच्या वतीनं करावी. पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तुमच्यातल्या कित्येकांच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. पैसे लागतील, मान्य. एका फर्मला जड जाईल, सगळ्यांना मिळून नाही. रजिस्टरं मात्र कुणीही, कधीही विकू नयेत. पेटी गेली तरी पेटीत काय होतं ते त्यांत लिहिलेलं असतं.

ज्यांच्या पेट्या अजून जागेवर आहेत त्यांना एकच सांगते : आमच्यासारखी माणसं थोडी उरली आहेत. जुन्या कारकुनांची अक्षरं, त्यांच्या खुणा, मार्जिनमधली लाल टिंबं आणि मोडीतल्या सह्या ओळखणारे. माझ्याबरोबरचे दोघं गेले, एकांना दिसत नाही. माझे डोळे ठीक आहेत आणि गुडघे लोकल चढण्याइतके चालतात. कुठल्याही फर्मनं यादी करायला घेतली तर मी डोंबिवलीहून यायला तयार आहे, पगाराशिवाय. फक्त समोर बसायला एक तरुण वकील द्या. मी वाचेन, त्यांनी बोट ठेवून तपासावं.

आपली नम्र,
37 वर्षं सॉलिसिटर फर्ममध्ये टायपिंग आणि रेकॉर्ड सांभाळलेली एक निवृत्त कर्मचारी
डोंबिवली